जावयाच्या मानाचं इंटरनेट

आमच्या सासऱ्यांनी मला आजवर जे काही दिलं, त्यात सगळ्यात टिकाऊ निघाली ती थकबाकी.

आता यात त्यांचा दोष काढण्यात अर्थ नाही, कारण मूळ दोष माझ्या स्वाभिमानाचा. लग्नात मी अंगठी घेतली नाही, गाडी घेतली नाही, साधा कोटसुद्धा स्वतःच्या पैशानं शिवला. 'जावई असावा तर असा!' असं तेव्हा खुटबावात चार माणसं म्हणाली होती. (त्यातले दोघे माझेच मामा होते, पण म्हणाले होते!) आमचे सासरे, ज्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं, ते पडले देणारे गृहस्थ. फ्लॉवर, कांदा, ऊस असं सगळं पिकवणार आणि आल्यागेल्याच्या पिशवीत कोंबणार. जावई काहीच घेत नाही म्हणजे त्याला आपलं काहीतरी खटकलंय, अशी त्यांची पक्की समजूत. त्यामुळे मी गेलो की ते अस्वस्थ होत आणि ते अस्वस्थ झाले की मी. तसंही मला एका जागी बसवत नाही. मी ओसरीवर येरझाऱ्या घालायला लागलो की आप्पा म्हणत, "बसा की पाव्हणं! घर आपलंच हाय!" मी टेकायचो आणि पुन्हा उठायचो.

मग आला धोंड्याचा महिना. अधिक महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि जावयाच्या हातात काहीतरी ठेवायचं, हा रिवाज. मी आधीच फोन करून बजावलं होतं, "आप्पा, चांदीचं ताट नको, कपडे नकोत. नुसतं जेवू." आप्पा 'बरं' म्हणाले. ते इतक्या सहज 'बरं' म्हणाले तिथंच मी सावध व्हायला हवं होतं.

जेवणाच्या दोन दिवस आधी मी कंपनीत होतो. सुरक्षा सप्ताह चालू होता आणि 'ओटीपी कुणालाही सांगू नका' या विषयावर दरवर्षी भाषण करण्याचं काम माझ्याकडे आहे. भाषण संपवून, टाळ्या घेऊन, त्याच फलकाखाली पाणी पीत उभा होतो, तेवढ्यात आप्पांचा फोन.

"पाव्हणं, मोबाइलवर एक नंबर आला आसंल. तेवढा सांगा."

"कसला नंबर, आप्पा?"

"तुम्हाला काय करायचंय? सांगा तर!"

आता तुम्हीच सांगा, सासऱ्याला नाही कसं म्हणायचं? चोराला नाही म्हणता येतं, बँकवाल्याला नाही म्हणता येतं. मी सहाचे सहा आकडे स्पष्ट उच्चारात सांगितले, वर "नीट लिहून घेतले ना?" असंही विचारलं. (आधार कार्डाचा फोटो लग्नाच्या नोंदणीपासून त्यांच्या मोबाइलमध्ये होताच!)

धोंड्याच्या दिवशी पाटासमोर रांगोळी, ताटात धोंडे, आणि ताटाशेजारी नव्या खणावर एक काळा डबा. त्यावर हिरवे दिवे लुकलुकत होते.

"घ्या!" आप्पा म्हणाले. "तुमच्या नावानं नेट! साऱ्या खुटबावात कुठल्या जावयाच्या नावानं नेट हाय का, इचारा कुणालाबी!"

"पण आप्पा, मी राहतो शिक्रापूरला."

"मंग? देवळाच्या पायरीवर नाव लिवत्यात, ती माणसं पायरीवर ऱ्हात्यात व्हय?"

हातात काही घ्यायचंच नसल्यामुळे नाकारायचं तरी काय, हे कळेना. डबा खुटबावात राहिला, बिल आप्पा भरणार होते आणि माझं फक्त नाव लागलं होतं. सगळी वस्ती ते नेट वापरायची. माझी बायको वैशाली माहेराहून आली की हसत सांगायची, "काल शेजारच्या काकू म्हणत होत्या, आज तुझा नवरा लईच स्लो चाललाय!" मला त्यात मान वाटायचा, हे आज सांगताना कान गरम होतात.

पुढं मी ते सगळं विसरलो. शिक्रापुरात आमची भाड्याची खोली हायवेला लागून. कंटेनरनं ब्रेक मारला की आमच्या मांडणीतल्या वाट्या वाजणार. दूध तापवताना एक हात पातेल्याला धरून ठेवायची सवय वैशालीला लागली होती. अशात गावाच्या मागच्या अंगाला, रस्त्यापासून आत, एका इमारतीत दोन खोल्यांचा फ्लॅट बघितला. वैशाली बाल्कनीत उभी राहिली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "अहो, इथं काहीच ऐकू येत नाही!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तुळस कुठं ठेवायची हेही तिनं तिथंच ठरवलं. बिल्डर म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत तुमच्यासाठी थांबतो. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे."

मी छाती काढून बँकेत गेलो. साहेब वयानं लहान आणि फार सौम्य होते.

"सर, तुमचा क्रेडिट स्कोअर जरा खाली आहे."

"शक्यच नाही! मी आयुष्यात एक हप्ता चुकवलेला नाही!"

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्यावरचा काटा तांबड्या भागात आडवा पडला होता. "इंटरनेटचं बिल थकीत आहे सर. पत्ता खुटबाव, तालुका दौंड. इतके महिने थकीत राहिल्यावर कर्ज नाही देता येत. तुमचंच आहे ना हे?"

"माझं म्हणजे… मानाचं आहे," मी म्हणालो. साहेबांनी पाणी मागवलं.

घरी येऊन मी दहा बाय दहाच्या खोलीत इतक्या फेऱ्या मारल्या की खालचे घरमालक वर येऊन बघून गेले. वैशालीनं सगळं ऐकून घेतलं आणि पहिली अट घातली, "आप्पांना यातलं एक अक्षर सांगायचं नाही. त्यांच्यामुळं लेकीचं घर हुकतंय असं कळलं तर ते जेवण सोडतील. तुम्ही गुपचूप पैसे भरून मोकळे व्हा."

मी नेटच्या कंपनीला फोन लावला. बराच वेळ सनई ऐकल्यावर एक मुलगी बोलली. तिच्या म्हणण्याप्रमाणे नुसते पैसे भरून भागणार नव्हतं. कनेक्शन कधी बंदच झालेलं नव्हतं, त्यामुळे बिल वाढतच चाललं होतं. दौंडच्या ऑफिसात डबा जमा करायचा, बाकी भरायची, मग ते 'काही येणं नाही' असं पत्र देणार आणि ते पत्र दाखवलं की स्कोअरचं बघता येणार. थोडक्यात, सगळं त्या डब्यावर अडलं होतं.

रविवारी मोटारसायकलवर तळेगाव ढमढेऱ्यावरून भीमा ओलांडून खुटबाव गाठलं. वाटेत तीनदा थांबून सुरुवातीचं वाक्य पाठ केलं.

"बसा की पाव्हणं!"

"बसतो. आप्पा, ते नेट कसं काय चाललंय?"

एवढंच विचारायचा अवकाश! आप्पांनी मांडीच बदलली. गेल्या हंगामात उसाच्या ट्रॉलीनं रस्त्यावरची वायर तोडली. कंपनीचा माणूस आला, वर बघून गेला तो गेलाच. आप्पांनी त्याला रस्त्यात गाठून सांगितलं, 'जोडायची तर जोडा, न्हाईतर बंद करा.' बंद करा म्हणून तोंडानं सांगितलं म्हणजे आप्पांच्या लेखी व्यवहार संपला. कंपनीच्या लेखी संपला नाही.

"वायर त्येंची, तुटली त्येंची, आन् बिल आमाला?" आप्पा गरजले. "एक रुपाया देणार न्हाई! आख्ख्या पारावर सांगून ठिवलंय मी! त्येंची माणसं फोन करत्यात, मी म्हणतो, जावा, काय करायचं ते करा! पाव्हणं, तुम्ही काळजी करू नका. तुमच्या नावानं लढतोय मी!"

तीच तर काळजी होती! सासूबाईंनी वाढलेलं जेवलो आणि डब्याचा विषय न काढता फ्लॉवरचं पोतं गाडीला बांधून परत आलो. दारात वैशालीनं आधी पोत्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "डबा?" मी म्हणालो, "गड्डे चांगले आहेत."

महिनाअखेर जवळ येत चालली. बिल्डरचा फोन आला की मी उठून उभा राहायचो. जेवताना मी उभा, टीव्हीसमोर उभा. शेवटी मला युक्ती सुचली. आप्पांना लढायचंय ना? मग आपणही लढायला गेल्यासारखं करायचं, त्यांना दौंडच्या ऑफिसात न्यायचं आणि तिथं गोडीगुलाबीनं मिटवून टाकायचं. आप्पा तर खूश! इस्त्रीचा सदरा, नवी टोपी, जावई शेजारी. खुटबावातून निघताना त्यांनी पारावरच्या प्रत्येकाला हात केला.

काउंटरवरच्या बाई खरं तर चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, "वायर तुटल्यापासून नेट बंद असेल, तर त्यानंतरची बिलं कमी करायला मी वर कळवते. पण डबा तेव्हापासून बंद होता ना?"

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं. प्रकरण तिथंच मिटत होतं! पण आप्पांना वाटलं, डबा नीट सांभाळला की नाही असं बाई विचारतायत.

"आवो बंद कशाला? लई जपलाय डबा!" त्यांनी मोबाइल काढून फोटोच पुढं केला. "ह्ये बघा! गौरीच्या टायमाला!"

फोटोत आमच्या सासरच्या गौरी उभ्या होत्या. दोन्ही गौरींच्या मधोमध, झेंडूची माळ घातलेला, हिरवे दिवे लागलेला तो डबा होता. मेहुणीनं त्या वर्षी 'डिजिटल गाव' असा देखावा केला होता आणि त्यातला टॉवर म्हणून डबा उभा केला होता. हा फोटो आप्पांनी गावातल्या सगळ्या ग्रुपवर टाकला होता, वर फोटोवर तारीखही होती. वायर तुटल्याच्या कितीतरी नंतरची.

बाई म्हणाल्या, "आजोबा, हा तर चालू दिसतोय."

"चालू न्हाई वो! नुसता लुकलुकतोय!"

"लाइट लागलेत म्हणजे कनेक्शन चालूच ना? मी वर काय कळवू?"

"आवो, निस्ती लाइटीची पिन लावलेली हाय! गौरीम्होरं काय नेट लागतंय व्हय?"

बाईंनी हताशपणे माझ्याकडे पाहिलं. डबा आणून दिल्याशिवाय आता काहीच करता येणार नाही, त्या म्हणाल्या. आप्पांनी टोपी सारखी केली. "माफी मागत न्हाईत तवर डबा देणार न्हाई," असं जाहीर करून ते बाहेर पडले आणि मीही त्यांच्या मागं पळालो. युक्ती माझी होती, त्यामुळे कुणावर ओरडायचीही सोय नव्हती.

परतीच्या वाटेवर मी शक्य तितक्या सहज विचारलं, "आप्पा, डबा आता आहे कुठं?"

"गौरीच्या पेटीत."

"मग काढता येईल की."

"छ्या! गौरीची पेटी आधीमधी उघडत न्हाईत आमच्यात. गौरी बसायच्या दिवशी उघडायची. तुमच्या सासूबाई हात लावू द्यायच्या न्हाईत."

गौरी यायला कितीतरी महिने होते आणि बिल्डर थांबणार होता आठवडाभर. वैशालीनं आईला फोनवर चाचपून पाहिलं. उत्तर आलं, "पेटीचं नावसुदिक काढू नगंस!" त्या रात्री हायवेला काहीतरी धडकल्यागत ब्रेक लागला, मांडणीतली एक वाटी खाली पडली आणि वैशाली ती उचलायला उठलीच नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मला फार वाईट वाटलं. स्वतःचा रागही आला. आणि रागाच्या भरात माणूस जे करतो ते मी केलं.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून भर दुपारी खुटबावात हजर झालो. जेवणं झाली. आप्पा ओसरीवर घोरायला लागले, सासूबाई आत लवंडल्या. मी पाय न वाजवता मधल्या खोलीत गेलो. पत्र्याची पेटी, वर घडी केलेली सतरंजी. कडी उघडली. वर गौरींचे शालू, त्याखाली मुखवटे, त्याखाली दागिन्यांची पुडकी आणि सगळ्यात तळाशी खणात गुंडाळलेला तो मेला डबा! एका हातात मुखवटा धरून दुसरा हात मी तळाशी घातला. तेवढ्यात पेटीचं झाकण माझ्या डोक्यात पडलं.

आवाज एवढा झाला की गोठ्यातली म्हैस ओरडली.

मी वळून बघतो, तर दारात सासूबाई, त्यांच्यामागं टोपी नसलेले आप्पा. आणि मी असा: गुडघ्यावर, डोक्यावर शालू, हातात गौरीचा मुखवटा, मनगटाला अडकलेली मोत्यांची माळ. लग्नात अंगठीसुद्धा न घेतलेला जावई!

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मग आप्पा हलक्या आवाजात म्हणाले, "पाव्हणं, एवढी नड होती तर मागायचं की वो. आमी न्हाई म्हटलं आसतं व्हय?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सोसेना. वैशालीची अट, माझा मान, सगळं तिथंच गळालं. मी मुखवटा हातात धरूनच सगळं सांगून टाकलं. बँक, स्कोअर, फ्लॅट, बाल्कनी, दुधाचं पातेलं, सगळं.

आप्पा चौकटीला टेकून खाली बसले.

"म्हंजी… माझ्यापायी तुमची पत गेली?"

"तसं नाही, आप्पा…"

"तसंच हाय." त्यांनी टोपी सारखी करायला हात नेला, टोपी नव्हतीच. "आवो, माझं काय वाकडं करणार म्हणून मी भांडत ऱ्हायलो. नाव तुमचं हाय, ह्ये ध्यानातच ऱ्हायलं न्हाई."

मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली, पण माळ अजून सुटत नव्हती. सासूबाईंनी ती सोडवली. मग त्यांनी हातपाय धुतले, पेटीपुढं दिवा लावला, "आई, लेकीच्या घरासाठी उघडतीय, रागावू नगंस," असं म्हणत पेटीला हळदकुंकू वाहिलं आणि डबा काढला. काढलाच आहे तर त्यालाही वाहिलं. तासाभरात आम्ही दौंडला होतो. एक रुपाया न देण्याची शपथ घेतलेल्या आप्पांनी सगळी बाकी भरली आणि कुंकू लावलेला डबा काउंटरवर ठेवला. बाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला. आप्पा एवढंच म्हणाले, "सांभाळून ठिवा. गौरीम्होरं बसलेला हाय."

पत्र मिळालं. ते घेऊन मी बँकेत पळालो, सोबत वैशाली आणि आप्पाही. साहेबांनी ते वाचलं, "छान झालं," म्हणाले. "आता स्कोअर हळूहळू वर येईल. काही महिने जातील."

"महिने? बिल्डर शनिवारपर्यंत थांबलाय!"

"मग घरातलं दुसरं कुणी असेल, ज्यांचा स्कोअर चांगला आहे…"

मी वैशालीकडे पाहिलं. वैशालीनं आप्पांकडे पाहिलं. आप्पा खुर्चीच्या कडेवर टोपी हातात घेऊन अपराध्यासारखे बसले होते. साहेबांनी त्यांचं पॅन कार्ड घेऊन नंबर टाकला आणि पहिल्यांदाच खुर्चीतून उठून उभे राहिले. काटा हिरव्याच्या पार टोकाला जाऊन टेकला होता! वर्षानुवर्षं सोसायटीचं आणि बँकेचं पीककर्ज मार्च उजाडायच्या आत फेडणारा माणूस. साहेब म्हणाले, "आजोबा, असा स्कोअर आमच्या मॅनेजरांचासुद्धा नाही!"

"आसंल," आप्पा म्हणाले. "कुठं सही करू?"

तर अशा रीतीनं घर झालं. कागदावर पहिलं नाव आप्पांचं, दुसरं वैशालीचं. माझं नाव इमारतीच्या सोसायटीच्या वहीत आहे, 'सोबत राहणारे' या रकान्यात. हप्ता मी भरतो, हे मी भेटेल त्याला न विचारता सांगतो. (खुटबावात मात्र मला आता वेगळ्याच शब्दानं ओळखतात. तो शब्द 'घर'नं सुरू होतो आणि 'जावई'नं संपतो, जास्त विचारू नका!)

वास्तुशांतीला सगळी मंडळी आली. सासूबाईंनी दूध उतू घातलं. वैशालीनं पातेल्याला हात लावला नाही, नुसती लांब उभी राहून बघत राहिली आणि डोळे पुसत हसली. तुळस बाल्कनीत, तिनं ठरवलेल्या जागी. आप्पा नव्या सोफ्यावर ऐसपैस बसले होते आणि मी सवयीनं हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होतो. नेट कुणाच्या नावानं घ्यायचं, हा विचार डोक्यात घोळत होता.

आप्पांनी थोडा वेळ बघितलं. मग शेजारच्या जागेवर थाप मारत प्रेमानं म्हणाले,

"बसा की पाव्हणं! लाजू नका. आपलंच घर समजा!"

मी बसलो. कडेकडेनं.